वर्तणुकीचा दाखला कोणीं कोणास द्यावयाचा ?

कर नाहीं त्याला डर कशाला, असें आम्हांस नेहमीं सुनावण्यांत येतें. ज्याचें पाऊल कधीं वांकडें पडलें नाहीं त्यानें पोलिसांच्या चौकशीस कां भ्यावें, असा या म्हणीचा भावार्थ. म्हण मोठी छान आहे. पण ती घडविणारा गृहस्थ आपल्या वर्तणुकीचा दाखला मिळविण्यासाठीं पोलीस ठाण्याच्या बाकावर कधीं बसला नसावा. मालवण, देवगड, वेंगुर्लें या किनाऱ्यावरच्या गांवांतून जीं पोरें आज परदेशीं पोट भरावयास निघतात, त्यांचे हाल ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिले आहेत, ते ही म्हण उलटी करून म्हणतील : ज्यानें कांहींच केलें नाहीं त्यालाच येथें डर, आणि ज्यानें करावयाचें तें करून ठेविलें तो केव्हांच विमानांत बसला!

प्रथम प्रकरण काय आहे तें नीट सांगतों. कारण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा प्रसंग आज ना उद्यां येणार आहे. परदेशीं जावयाचें तर पासपोर्ट पाहिजे आणि पासपोर्टासाठीं पोलिसांची पडताळणी होते, हें सर्वांस ठाऊक आहे. पण नोकरीसाठीं, कायम वस्तीसाठीं किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठीं जाणाऱ्याची तेवढ्यावर सुटका होत नाहीं. कुवेतसारखा देश त्यास सांगतो कीं, तुझ्यावर गुन्हा नाहीं असा तुझ्या सरकारचा दाखला आण. त्या दाखल्यास पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट म्हणतात. आमच्या लोकांच्या तोंडीं त्याचें नांव नुसतें 'पीसीसी'. तो देतें पासपोर्ट कार्यालय, त्याची फी ५०० रुपये; परंतु त्याच्या पाठीमागें अहवाल असतो तो पोलिसांचा. २८ सप्टेंबर २०२२ पासून या दाखल्याचा अर्ज टपाल कचेऱ्यांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतही करतां येऊं लागला. ही सोय झाली ती चांगलीच झाली. कॅनडाचें सरकार गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशांत मनुष्य सलग सहा महिने राहिला असेल त्या त्या देशाचा दाखला मागतें. ऑस्ट्रेलिया बारा महिन्यांचा हिशेब धरते. म्हणजे मस्कतास दोन वर्षें भांडीं घांसून आलेल्या पोरानें आणखी पुढें जावयाचें म्हटलें तर मालवणचा दाखला निराळा आणि मस्कतचा निराळा.

परक्या देशानें आपल्या घरांत येणारा पाहुणा कोण आहे हें विचारूंच नये, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. आमच्या ओसरीवर कोणी नवखा येऊन बसला तर आम्हीही त्यास गांव-नांव विचारतों. तेव्हां आमचें भांडण दाखल्याशीं नाहीं. आमचें भांडण आहे तें हा दाखला ज्या रीतीनें दिला जातो त्या रीतीशीं. ज्या माहितीचें दप्तर सरकारच्याच कपाटांत आहे, ती माहिती सरकारनें सरकारास द्यावयाची. मध्यें हेलपाटे मात्र गरिबाच्या पोरानें घालावयाचे, हा कोठला न्याय?

एक उदाहरण सांगतों. गेल्या सालीं एक तरुण आपल्या कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला. त्याच्या गांवाचें नांव आम्ही सांगत नाहीं, आणि ज्या ठाण्यांशीं त्याचा संबंध आला त्यांचेंही सांगत नाहीं. कारण दोष एका ठाण्याचा नसून रीतीचा आहे. बाप रापणीचा दोर ओढणारा, आई बाजारांत मासळी विकणारी. पोरगा दहावी होऊन मुंबईस मामाकडे गेला, तेथें स्वयंपाकाचें काम शिकला, आणि त्याच वेळीं त्यानें मामाच्या खोलीच्या पत्त्यावर पासपोर्ट काढिला. पुढें तो गोव्यांत एका हॉटेलाच्या मुदपाकखान्यांत लागला, मग गांवीं परत आला, आणि अखेर कुवेतांत एका खाणावळींत त्यास जागा मिळाली. मालकानें हजर होण्याची तारीख दिली. राहिला तो एक दाखला.

अर्ज झाला. पासपोर्टावर पत्ता मुंबईचा, म्हणून चौकशी मुंबईस गेली. तेथें गिरणगांवांतली ती चाळ पुनर्विकासांत जमीनदोस्त झालेली. मामा उपनगरांत भाड्याच्या खोलींत. पोलीस शिपाई आला, त्यानें पत्र्याचें कुंपण पाहिलें आणि कागदावर लिहिलें कीं, सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीं. त्यांत खोटें कांहींच नव्हतें ! इमारतच राहत नव्हती, तेथें इसम कोठून राहणार ? मग पोरास सांगण्यांत आलें कीं, आधीं पासपोर्टावरचा पत्ता बदल, मग दाखल्याचें पाहूं. त्यानें नवा पासपोर्ट केला. चौकशी आतां गांवच्या ठाण्यास आली. आज साहेब बंदोबस्तास गेलेले, उद्यां लिहिणारा शिपाई रजेवर, परवां दोन शेजारी साक्षीला आणा, तेरवां कागद ओरोसला जिल्ह्याच्या कचेरींत गेला आहे, तेथें विचारा. मालवणाहून ओरोसला एस. टी. नें जावें, खिडकीशीं उभें राहावें आणि 'अजून आला नाहीं' हें ऐकून परत यावें. शेवटीं दाखला आला तो अगदीं निर्मळ, एकही डाग नसलेला. पण तोंवर कुवेतच्या खाणावळींतल्या त्या चुलीपुढें दुसराच कोणी उभा राहिला होता. पोराची आई पदरानें डोळे पुशीत आम्हांस म्हणाली, "सायबानु, आमचो झील काय चोर आसा ?"

त्या माउलीस आम्ही काय उत्तर द्यावें ? तिच्या झिलास कोणीं चोर म्हटलेंच नव्हतें. 'राहत नाहीं' एवढेंच म्हटलें होतें. पण त्या दोन शब्दांनीं तिच्या घरांतली दोन वर्षांची मिळकत बुडाली. आणि ज्यानें ते लिहिले त्यास याची गंधवार्ताही नाहीं.

आतां आम्ही विचारतों : कोंकणचा माणूस एका घरांत कधीं राहिला आहे ? जेव्हां सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा नव्हता आणि हा सारा मुलूख रत्नागिरींत मोडत होता, तेव्हांपासून येथला पुरुष मुंबईच्या गिरणींत, गोदींत आणि आगबोटींवर, आणि येथली बायको गांवच्या शेतांत, अशी घराची दोन शकलें होऊन राहिलीं आहेत. मनीऑर्डरीवर चूल पेटणारा जिल्हा म्हणून आमची थट्टा होई. १ मे १९८१ रोजीं जिल्हा निराळा झाला, आणि पुढल्याच वर्षीं, १८ जानेवारी १९८२ पासून, गिरण्यांचा संप लागला; त्यांत कित्येकांची मुंबईची भाकर कायमची तुटली. कोणी गोव्यास गेला, कोणी आखातांत, कोणी जहाजावर खलाशी झाला. शिधापत्रिकेवर नांव गांवाचें, खोली मुंबईची, नोकरी पणजीची आणि चतुर्थीला हटकून घरीं, असा आमचा माणूस आहे. त्याच्या घराला दोन दारें आहेत. एक समुद्राकडे उघडतें, एक घाटाकडे. आणि पडताळणीचा नमुना मात्र असा कीं, मनुष्य म्हणजे एका खुंटीला बांधलेलें गुरूं. शिपाई येईल त्या घटकेस तें खुंटीशीं दिसलें पाहिजे, नाहीं तर तें पळालें समजावें! जो सातबाऱ्यावर दहा पिढ्या बसून आहे, ज्याचा बंगला हालत नाहीं आणि ज्याच्या फाटकावर रखवालदार आहे, त्याची पडताळणी एका सहीनें होते. जो पोटासाठीं हिंडतो त्याचें हिंडणें हाच संशय.

बरें, हें घरपण पाहण्याची तरी गरज किती आहे ? देशांतील पोलीस ठाणीं गणकयंत्रांनीं एकमेकांस जोडण्याची योजना केंद्र सरकारनें २००९ सालीं मंजूर केली. या मनुष्यावर कोठें गुन्हा आहे कीं नाहीं हें ठाण्यांत बसल्या बसल्या दिसावें, म्हणून जनतेच्या पैशांतून ती उभी राहिली. २०१८ सालीं परराष्ट्र खात्यानें पडताळणीच्या प्रश्नांची यादी आंखूड केली. २०२३ सालीं दिल्लीच्या पोलिसांच्या हातीं यासाठीं खास यंत्रें देऊन, आतां पांच दिवसांत अहवाल होईल असें जाहीर करण्यांत आलें. दिल्लीच्या माणसाची वर्तणूक पांच दिवसांत कळते आणि मालवणच्या माणसाची कळावयास महिने लागतात, याचा अर्थ मालवणच्या माणसाची वर्तणूक फार खोल आहे असा समजावयाचा काय ?

येथें कोणी शहाणा आम्हांस देशाच्या सुरक्षिततेची आठवण देईल. चौकशी कडक नसेल तर गुन्हेगार देशाबाहेर पळतील, असें तो म्हणेल. फार चांगलें. मग या कडक चौकशीनें आजवर कोण अडला आणि कोण सुटला, याचाच हिशेब मांडूं.

मेहुल चोक्सी हें नांव वाचकांस अपरिचित नाहीं. पंजाब नॅशनल बँकेच्या १३ हजार कोटींहून अधिक रुपयांच्या प्रकरणांत ज्यांच्यावर आरोप आहेत त्या जवाहिऱ्यांपैकीं हे एक. यांनीं २०१७ सालीं वेस्ट इंडिजमधील अँटिग्वा या बेटाचें नागरिकत्व मागितलें, आणि त्याच सालच्या नोव्हेंबरांत तें त्यांस मिळालें. ४ जानेवारी २०१८ रोजीं त्यांनीं हिंदुस्थान सोडला. त्याच महिन्याच्या अखेरीस बँकेची तक्रार सरकारदरबारीं पोंचली. पुढें ऑगस्ट २०१८ मध्यें अँटिग्वाच्या सरकारास लोकांनीं विचारलें कीं, असा मनुष्य तुम्हीं घेतलाच कसा ? तेव्हां त्या सरकारनें जगजाहीर उत्तर दिलें : आमच्यापाशीं मुंबईच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाचा दाखला आहे, आणि या गृहस्थांविरुद्ध प्रतिकूल असें कांहीं नाहीं असें त्यांत लिहिलें आहे ! आमच्या परराष्ट्र खात्यानें सांगितलें कीं, पासपोर्टाच्या वेळची पोलीस पडताळणी निर्मळ होती, तिच्यावरून हा दाखला दिला गेला. वाचकहो, हा तोच दाखला, तेंच खातें, तोच कागद. रापणकराच्या पोरास तो मिळावयास हंगाम उलटला. आणि ज्यांस पकडण्यासाठीं पुढें सरकारास सातां समुद्रांपलीकडे वकील पाठवावे लागले, त्यांस तो बिनबोभाट मिळाला. एप्रिल २०२५ मध्यें बेल्जियमांत त्यांस अटक झाली, ती कोणत्या पडताळणीनें झाली नाहीं.

दुसरें उदाहरण विजय मल्ल्यांचें. बँकांचें कर्ज डोक्यावर असतां हे २ मार्च २०१६ रोजीं देश सोडून गेले, ते राज्यसभेचे सभासद म्हणून मिळालेल्या राजनैतिक पासपोर्टावर. त्यांच्या घरीं कोणी शिपाई दोन शेजारी साक्षीला मागावयास गेला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. तेव्हां सुरक्षिततेचा हा कडकपणा म्हणजे कोळ्याचें जाळें झालें आहे. त्यांत माशी अडकते आणि भुंगा तें फाडून जातो.

आतां याच प्रकरणाची एक दुसरी बाजू, आणि ती आमच्या तरुणांनीं कान देऊन ऐकावी. पासपोर्टाच्या १९६७ च्या कायद्यांत एक कलम आहे : अर्जदाराविरुद्ध फौजदारी कोर्टांत खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारतां येतो. या किनाऱ्यावर खटले कोणावर होतात ? येथें पारंपरिक रापणकर आणि पर्ससीनवाले यांचा तंटा वर्षानुवर्षें धुमसत आहे. सरकारनें ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, ते कांहीं दयेनें घातले नाहींत. त्यांच्यामागें किनाऱ्यावरच्या माणसांनीं वर्षानुवर्षें केलेलीं आंदोलनें होतीं. आंदोलन म्हटलें कीं जमाव, जमाव म्हटला कीं रस्ता अडला, रस्ता अडला कीं गुन्हा. राजकोटावरचा छत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजीं उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. असलें काम ज्यांच्या हातीं दिलें त्यांच्या कर्तबगारीची पडताळणी जर सरकारनें आमच्या पोरांच्या पडताळणीच्या चौथाईनें केली असती, तर ती शरमेची वेळ मालवणावर आली नसती. पण तें असो. दोनच दिवसांनीं, २८ ऑगस्टला, त्याच जागीं दोन पक्षांच्या अनुयायांची धुमश्चक्री झाली आणि गुन्हे नोंदले गेले. पुढारी मोटारींत बसून मुंबईस गेले. त्यांच्या मुलांस कुवेतच्या खाणावळींत भाकऱ्या भाजावयाच्या नाहींत. कोर्टाच्या तारखा राहतात त्या झेंडा धरणाऱ्या पोराच्या कपाळीं, आणि तीन वर्षांनीं तो दाखला मागावयास जातो तेव्हां पुढारीसाहेबांचा फोन लागत नाहीं. राज्यसरकार राजकीय व सामाजिक आंदोलनांतले खटले मागें घेण्याचे ठराव वेळोवेळीं काढीत असतें. त्या ठरावांत आपल्या पोरांचीं नांवें कोणीं घातलीं कीं नाहीं, हें तपासणें ज्या पुढाऱ्यानें त्यांस रस्त्यावर आणिलें त्याचें काम नव्हे काय ?

मात्र याहीबाबतींत लोकांच्या अज्ञानाचा व्यापार होतो. नुसती फिर्याद नोंदली गेली म्हणजे सर्व संपलें, असें सांगून पोरांस घाबरविणारे दलाल गांवोगांव आहेत. तें खरें नाहीं. परराष्ट्र खात्यानें १० ऑक्टोबर २०१९ च्या पत्रकानें स्पष्ट केलें आहे कीं, केवळ फिर्याद दाखल होणें किंवा तपास चालू असणें म्हणजे त्या कलमांतला खटला नव्हे. कोर्टानें प्रकरणाची दखल घेतली असली पाहिजे. आणि खटला खरोखरच कोर्टांत असला तरीही मार्ग बंद नाहीं. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणें त्या कोर्टाची परवानगी आणल्यास पासपोर्ट मिळूं शकतो. फक्त एक गोष्ट कोणीं करूं नये : अर्जांत खटला लपवूं नये. खोटी माहिती देणें हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यास दोन वर्षेंपर्यंत कैद सांगितली आहे. खरें लिहून भांडावें. खोटें लिहून दलालाच्या मुठींत जाऊं नये.

आतां मुद्याची गोष्ट. परदेशीं जाणें हा सरकारचा उपकार आहे कीं नागरिकाचा हक्क ? १९६७ पर्यंत सरकार म्हणे कीं पासपोर्ट आमचा, मनास येईल त्यास देऊं. त्या सालच्या १० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं तीन न्यायमूर्तींनीं सत्वंतसिंग साहनी यांच्या अर्जावर निकाल दिला कीं, परदेशीं जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमांतील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि कायद्यावांचून तो हिरावतां येणार नाहीं. म्हणून तर त्याच वर्षीं पासपोर्टाचा कायदा करावा लागला. १९७७ सालीं मेनका गांधी यांचा पासपोर्ट सरकारनें कारण न सांगतां अडकवून ठेविला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालांत न्यायालयानें बजाविलें कीं, नुसता कायदा असून भागत नाहीं, त्याची रीतही न्याय्य पाहिजे आणि माणसाचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. हा हक्क एका मोठ्या घराण्यांतल्या बाईनें भांडून मिळविला, म्हणून तो मोठ्या घराण्यांचाच आहे असें नव्हे. रापणकराच्या पोराचा हक्क त्याहून गुंजभरही हलका नाहीं.

आणि ज्यांस इतिहासाची आठवण आहे त्यांस ही पडताळणी पाहून दुसरेंच कांहीं आठवतें. इंग्रजांनीं १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरला. त्यानें चौकीवर हजेरी द्यावी, परवाना घेतल्यावांचून गांव सोडूं नये, असा शिरस्ता पडला. घाटावर कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं आपल्या संस्थानांतली हजेरी बंद केली. कारण रोज चावडीवर उभा राहून 'मी आज चोरी केली नाहीं' असें सांगणारा माणूस ताठ मानेनें जगूं शकत नाहीं, हें त्या राजास कळत होतें. सबंध देशांतला तो कायदा जावयास १९५२ साल उजाडावें लागलें. कायदा गेला, पण हजेरी घेणाऱ्याची नजर गेली काय? आजही भटक्या जमातींतला पोरगा त्या बाकावर बसतो तेव्हां त्याच्या आडनांवाकडे कोणत्या नजरेनें पाहिलें जातें, हें त्यासच विचारावें. परवाना घेतल्यावांचून गांव सोडूं नये, आणि दाखला घेतल्यावांचून देश सोडूं नये. दोहोंत फरक एवढाच राहिला पाहिजे कीं, दुसऱ्याची रीत माणुसकीची असेल. ती तशी नसेल तर आम्ही तिला हजेरीच म्हणूं.

आतां चार शब्द आमच्याच लोकांस, आणि ते गोड लागणार नाहींत. शिपाई दारांत आला कीं आम्ही आधीं खुर्ची पुसतों, मग चहा ठेवितों, मग काजूगरांची पुडी बांधतों आणि निघतांना पाकीट हातांत कोंबतों, त्यानें मागण्याआधींच! देवगडकडे असेल तर आंब्याची पेटी, मालवणकडे असेल तर सुरमई. आणि मग चव्हाट्यावर बसून म्हणतों कीं, पोलीस खातें फार खातें ! दाराशीं आलेल्या माणसास चहा देणें हा आमच्या घरांचा धर्म आहे, तो सोडूं नये. पण चहा निराळा आणि चहापाणी निराळें. हें चहापाणी सरकारनें आधींच भरलेलें आहे, हें किती जणांस ठाऊक आहे ? अहवाल २१ दिवसांच्या आंत दिल्यास दर अर्जामागें १५० रुपये आणि उशीर झाल्यास ५० रुपये पोलिसांकडे भरावे, अशी तजवीज परराष्ट्र खात्यानें करून ठेविली. तो पैसा तुमच्याच फीतून आणि करांतून गेला. मग तुम्ही दुसऱ्यांदां कशाबद्दल देतां ? भीतीबद्दल ! आणि आज तुम्हीं दिलें म्हणून उद्यां तुमच्या शेजारणीस द्यावें लागतें, जिच्यापाशीं द्यावयास कांहीं नाहीं. शिवाय २०१८ सालीं लांचेचा कायदा बदलला आहे. आतां देणाराही गुन्हेगार. कोणीं अडवणूक करून घेतलेंच तर सात दिवसांच्या आंत तक्रार करा, म्हणजे कायदा तुमच्या बाजूस राहतो. लांचलुचपत खात्याचा १०६४ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. देवाच्या तसबिरीशेजारीं लिहिलात तरी देव रागावणार नाहीं.

हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे कीं, ठाण्यांत सर्वच माणसें वाईट नसतात. तो लिहिणारा शिपाईही आमच्याच कोणा शेतकऱ्याचा मुलगा असतो. बंदोबस्त, मिरवणूक, मंत्र्यांचा दौरा आणि अपघाताचा पंचनामा यांतून उरलेल्या वेळांत त्यानें या पडताळण्या उरकावयाच्या. त्याच्यावर दांतओठ खाऊन भागणार नाहीं. ज्यांनीं ही रीत केली आणि ज्यांस ती बदलतां येते, त्यांस जाब विचारला पाहिजे.

म्हणून आमचें सरकारास मागणें असें. पहिलें, अर्ज ठाण्यांत पोंचल्याची तारीख आणि अहवाल देण्याची शेवटची तारीख अर्जदाराच्या हातीं लेखी पडावी. दुसरें, 'पत्त्यावर राहत नाहीं' असा शेरा मारण्यापूर्वीं अर्जदारास फोन करून त्याचें म्हणणें लिहून घ्यावें; घर पडलें असेल, कुटुंब दोन ठिकाणीं असेल तर तसें नमूद करावें, आणि केवळ एवढ्यावरून प्रकरण बंद करूं नये. तिसरें, जुन्या पत्त्याची चौकशी दप्तरावरून व्हावी. ज्याच्यावर गुन्ह्याची नोंद नाहीं त्यास ठाण्यावर बोलावूं नये. चौथें, प्रतिकूल अहवालाची नक्कल अर्जदारानें मागण्याची वाट न पाहतां त्यास द्यावी. पांचवें, ज्यास नोकरीवर हजर होण्याची तारीख मिळाली आहे त्याचा कागद आधीं काढावा. कारण कुवेतचा मालक आमच्या साहेबांच्या रजेचा हिशेब ठेवीत नाहीं.

आणि वाचकांस आमचें सांगणें असें. पासपोर्टावरचा पत्ता बदलला असेल तर नोकरीचें पत्र येण्याची वाट पाहूं नका. आजच दुरुस्त करा. प्रत्येक कागदाची पोंच घ्या आणि जपून ठेवा. अहवाल अडला असें वाटलें तर माहितीच्या अधिकारांत दहा रुपयांचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर देणें त्यांस भाग आहे. पासपोर्ट नाकारला तर कारणें लेखी मागा. पांचव्या कलमांत तीं नोंदवून मागणाऱ्यास द्यावीं असें लिहिलें आहे, आणि अकराव्या कलमांत अपील ठेविलें आहे. गांवांतल्या चार शिकलेल्या पोरांनीं एकत्र बसून इतरांचे अर्ज भरून द्यावे, म्हणजे दलालाचें दुकान आपोआप बसेल. ज्यास स्वतःचा अर्ज स्वतः वाचतां येतो त्यास कोणी फसवूं शकत नाहीं. ही गोष्ट जोतीरावांपासून आजवर आम्हांस सांगण्यांत येत आहे, आणि अजूनही ती पुरती अंगीं लागलेली नाहीं.

या किनाऱ्यानें शिवछत्रपतींच्या आरमारास माणसें दिलीं. मायनाक भंडारी कोणत्या कुळांतला, हें त्याच्या नांवांतच लिहिलें आहे. १६६४ सालीं ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, त्याच्याच समोरच्या वाळूंत आज त्या माणसांचे वंशज दोर ओढीत आहेत. त्यांच्या पूर्वजांनीं समुद्र ओलांडला तो कोणाचा दाखला घेऊन नव्हे. त्यांच्या हातांतलें वल्हें हाच त्यांचा दाखला होता. दिवस पालटले, आतां कागद लागतो, तर कागद द्या. पण तो देतांना ध्यानांत ठेवा कीं, तुम्ही जिची पडताळणी करीत आहां तीच रयत तुमचीही पडताळणी करीत असते. बाकावर बसलेला पोरगा उठून गेला तरी ती माउली अजून विचारीतच आहे, "आमचो झील काय चोर आसा ?" या प्रश्नाचें उत्तर तिला २१ दिवसांच्या आंत, लेखी आणि फुकट मिळालें पाहिजे. तोंवर आम्ही हा प्रश्न या पत्रांतून विचारीत राहूं.